रस्ता सरकारचा, गाडी गाडीवानाची

आजच्या धाराशिव जिल्ह्यातील कसबे तडवळे या गावी २२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ रोजी महार-मांग वतनदारांची परिषद भरली आणि तिला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उपस्थित राहिले. तेव्हाच्या बार्शी लाइट रेल्वेच्या अरुंद रुळांवरील हे गाव. बैलगाडीतून निघालेली बाबासाहेबांची मिरवणूक आणि गावच्या शाळेतील त्यांचा मुक्काम यांच्या आठवणी तेथे अद्याप जपल्या जातात. मिरवणुकीतील बैलगाडी ही खेड्यातील स्वागताची नेहमीची रीत. परंतु त्या गाडीत बसलेल्या माणसाच्या आयुष्यात बैलगाडीला निराळा अर्थ होता. चाळीस वर्षांपूर्वी, वयाच्या दहाव्या वर्षी, दुप्पट भाडे देऊनही त्याला गाडीवान मिळाला नव्हता. ती गाडी त्याला व त्याच्या भावंडांना स्वतः हाकावी लागली होती.

या दोन गाड्यांमधील अंतरात एक कायद्याचा प्रश्न दडलेला आहे. नागरिकाला देशभर मुक्तपणे हिंडण्या-फिरण्याचा आणि कोठेही वस्ती करण्याचा हक्क आहे, असे राज्यघटना म्हणते. हा हक्क केवळ सरकारविरुद्ध आहे, की वाट अडविणाऱ्या खाजगी माणसाविरुद्धही आहे? सरकारने रस्ता खुला ठेवला, पण गाडीवानाने गाडी, खानावळवाल्याने खोली आणि गावाने पाणी नाकारले, तर त्या खुल्या रस्त्याचा उपयोग काय? जगभरच्या न्यायालयांत हा वाद आजही चालू आहे. बाबासाहेबांना तो ग्रंथांतून उमगण्यापूर्वी रस्त्यावर भेटला, आणि त्यांचे चरित्र या बाजूने पाहिले तर घटनेतील काही शब्द तेथे का आले, याचा उलगडा होतो.

मसूरचे स्टेशन

भीमराव रामजी आंबेडकर यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील लष्करी छावणीत झाला. वडील रामजी सुभेदार होते. निवृत्तीनंतर कुटुंब साताऱ्यास आले. आई तेथे वारली. वडिलांना नोकरीनिमित्त खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे राहावे लागे. १९०१ च्या उन्हाळ्यात त्यांनी मुलांना भेटीस बोलाविले. भीमराव, त्यांचे थोरले बंधू आणि बहिणीची मुले नवे कपडे घालून, मोठ्या हौसेने आगगाडीने निघाली. मसूर स्टेशनवर उतरल्यावर कळले की, निरोप न पोहोचल्यामुळे न्यायला कोणीच आलेले नाही.

येथवरचा प्रवास निर्वेध झाला होता. तिकिटाच्या खिडकीने जात विचारली नव्हती आणि आगगाडीच्या डब्यातून कोणी उतरविले नव्हते. वाट अडली ती स्टेशनाच्या फाटकाबाहेर. मुले महारांची आहेत हे समजताच एकही गाडीवान भाड्याने यावयास तयार होईना. अखेर एकाने तोड काढली: भाडे दुप्पट द्यावे, गाडी मुलांनीच हाकावी, आपण शेजारून चालत येऊ. तसे ठरले. वाटेत शिदोरी होती, पण पाणी नव्हते. टोलनाक्यावरही ते मिळाले नाही. रात्र तहानेने काढून मुले दुसऱ्या दिवशी वडिलांकडे पोहोचली.

या प्रसंगात सरकारचा एकही हुकूम मुलांच्या आड आलेला नाही. रस्ता सर्वांचा होता. गाडीवान मात्र आपल्या गाडीचा मालक होता, आणि कोणाला बसवावे हे ठरविण्याचा त्याचा अधिकार त्या वेळचा कायदा मुकाट्याने मान्य करीत होता. मुक्त संचाराचा हक्क हा केवळ सरकारविरुद्धचा हक्क मानला, तर मसूरच्या स्टेशनवर कोणाचाही हक्क हिरावला गेला नाही असेच म्हणावे लागेल. एवढ्या एका निष्कर्षानेच त्या व्याख्येचे अपुरेपण उघडे पडते.

राजाचे बोलावणे, खानावळीचे दार

पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून पदवी, बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती, १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अध्ययन आणि त्यानंतर लंडन, असा ज्ञानाचा प्रवास झाला. शिष्यवृत्तीच्या अटीनुसार बडोदे संस्थानात नोकरी करावयाची होती. १९१७ च्या सप्टेंबरात आंबेडकर बडोद्यास गेले. परदेशात काही वर्षे राहिल्यामुळे अस्पृश्यतेचा जवळजवळ विसर पडला होता. बडोद्याच्या स्टेशनवर उतरताच पहिला प्रश्न उभा राहिला तो राहावयाचे कोठे हा. हिंदू खानावळीत प्रवेश मिळणार नव्हता. एका पारशी उतारगृहात पारशी नाव नोंदवून त्यांनी वरच्या मजल्यावरची एक खोली मिळविली. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले डझनभर पारशी दारात उभे राहिले आणि संध्याकाळच्या आत खोली सोडण्याचा दम भरून गेले. हिंदू मित्राने असमर्थता दाखविली. ख्रिस्ती मित्रानेही टाळले. कमाठीबागेत काही तास बसून त्यांनी रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली.

या प्रसंगात तर राज्यसत्ता आंबेडकरांच्या बाजूची होती. खुद्द संस्थानाधिपतीने शिकविले होते, नेमणूक दिली होती. तरीही तो विद्वान तरुण त्या शहरात राहू शकला नाही. कारण घर, खोली आणि खानावळ यांच्या किल्ल्या खाजगी हातांत होत्या. शिवाय त्या हातांत काठ्या देणारे हिंदू नव्हते. जातीची भिंत एका धर्माने उभारली तरी शेजारचे धर्म तिला टेकू देतात, हा धडा बाबासाहेब बडोद्यातच शिकले.

तळे कोणाचे?

मुंबई विधिमंडळात ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक निधीतून बांधलेली वा चालविलेली पाणवठे, धर्मशाळा, शाळा, न्यायालये आदी ठिकाणे अस्पृश्यांना खुली असावीत, असा त्याचा आशय होता. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने ठराव करून आपले चवदार तळे खुले केले. कागदावर अडचण उरली नव्हती; तळ्यावर जाण्याची सोय मात्र नव्हती. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आपल्या अनुयायांसह तळ्यावर गेले आणि त्यांनी पाणी घेतले. त्यानंतर परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले. हल्लेखोर सरकारी शिपाई नव्हते. ते गावकरी होते.

डिसेंबरात सत्याग्रहाचा दुसरा टप्पा ठरला, तेव्हा स्पृश्य पुढाऱ्यांनी दिवाणी न्यायालय गाठले. त्यांचे म्हणणे असे की, तळे सार्वजनिक नसून खाजगी स्वरूपाचे आहे आणि ते वापरण्याची वहिवाट फक्त स्पृश्यांची आहे. न्यायालयाने तात्पुरता मनाई हुकूम दिला. अन्यायाविरुद्ध लढावयास निघालेल्या बाबासाहेबांनी कायद्याचा मान राखून सत्याग्रह तहकूब केला आणि लढाई न्यायालयात नेली. ती दहा वर्षे चालली. अखेर १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला: तळे नगरपालिकेच्या ताब्यातील आहे आणि अस्पृश्यांना वगळणारी पुरातन रूढी सिद्ध झालेली नाही.

विजय मोठा होता. पण त्याचा पाया अरुंद होता. तळे सार्वजनिक ठरले म्हणून हक्क टिकला. तेच तळे खाजगी मालकीचे ठरले असते, तर तहानलेल्याच्या हाती कायद्याचे कोणते शस्त्र उरले असते? दहा वर्षांच्या या खटल्यातून एवढे स्पष्ट झाले की, खाजगी मालकीचा दावा हाच यापुढे बहिष्काराचा शेवटचा आणि सर्वांत बळकट तट ठरणार.

या काळात रस्त्याने आणखी एकदा साक्ष दिली. १९२९ मध्ये अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे सदस्य असताना बाबासाहेब चाळीसगावास उतरले. सामाजिक बहिष्काराच्याच एका प्रकरणाची पाहणी करून ते परतत होते. महाराला टांग्यात बसवून हाकण्यास एकही टांगेवाला तयार झाला नाही. पाहुण्याला पायी नेणे बरे दिसणार नाही, म्हणून महारवाड्यातील लोकांनी टांगा तेवढा भाड्याने घेतला आणि हाकावयास आपल्यातीलच एक अननुभवी माणूस बसविला. नदीवरील मोरीवर टांग्याचा तोल गेला, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. ते बॅरिस्टर होते, मुंबई विधिमंडळाचे सदस्य होते, सरकारी कामावर होते. पण टांगेवाल्याच्या नकारापुढे ही तिन्ही नाती फोल ठरली.

वतनाची दावण

माणसाला रस्त्यावर अडविणे हा एक प्रकार, आणि त्याला गावाबाहेर पडूच न देणे हा दुसरा. वतन हा दुसरा प्रकार होता. १८७४ च्या मुंबईच्या वंशपरंपरागत वतनांच्या कायद्याखाली महारांवर रात्रंदिवस सेवेची जबाबदारी होती. निरोप पोहोचविणे, सारा नेणे, अधिकाऱ्यांची बडदास्त ठेवणे, ही कामे हाक येताच करावी लागत. एक माणूस परगावी गेला तर घरातील दुसऱ्याने उभे राहावयाचे. मोबदला म्हणून जमिनीचा लहानसा तुकडा आणि गावकऱ्यांकडून मिळणारे बलुते. हुकूम सरकारचा, पण अर्ध्या पोटाची भाकरी गावाच्या मर्जीवर. सरकारी बंधन आणि खाजगी बंधन येथे एकाच दोरात पिळले गेले होते. गावाची मर्जी फिरली तर बलुते बंद. आणि बलुते बंद झाले म्हणून सेवेतून मात्र सुटका नाही.

हा दोर तोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात दुरुस्ती विधेयक मांडले. ते पुढे परत घ्यावे लागले. वतन सोडा, असे आपल्याच लोकांना सांगणेही सोपे नव्हते. तुकडा कितीही लहान असला तरी जमिनीचा होता आणि वतनदार या शब्दाला मान होता. तडवळ्याच्या परिषदेकडे या पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजे. महार आणि मांग या परस्परांपासून अंतर ठेवणाऱ्या दोन जातींचे वतनदार तेथे एका मंडपात आले, हीच मोठी गोष्ट होती. दोघांची दावण एकच आहे, हे ओळखल्याशिवाय ती सुटणार नव्हती. मुंबई राज्यात कनिष्ठ गाववतने रद्द करणारा कायदा १९५८ साली झाला. तो पाहावयास बाबासाहेब नव्हते.

घटनेतील शब्द

१९४७ च्या मार्चमध्ये बाबासाहेबांनी घटना समितीसाठी सादर केलेल्या निवेदनात या अनुभवांचा अर्क उतरला. सरकारचे हात बांधले म्हणजे स्वातंत्र्य आले, हा उदारमतवादी समज त्यांनी तपासून पाहिला. सरकारने माघार घेतली की मोकळी होणारी जागा रिकामी राहत नाही. जमीनदार, कारखानदार आणि बहुसंख्य गावकरी ती व्यापतात. म्हणून सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवावा, असेही त्या निवेदनात सुचविले होते.

मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून त्यांना सगळेच मनासारखे करता आले नाही. परंतु मूलभूत हक्कांच्या प्रकरणात तीन कलमे अशी आली की, ज्यांचा रोख सरकारइतकाच नागरिकाकडेही आहे. कलम १५ च्या दुसऱ्या पोटकलमाने दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले, करमणुकीची ठिकाणे, तसेच सरकारी खर्चाने चालणाऱ्या वा जनतेसाठी अर्पण केलेल्या विहिरी, तळी, घाट आणि रस्ते यांच्या बाबतीत जातीवरून अडवणूक करण्यास मनाई केली. कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. कलम २३ ने वेठबिगारी बंद केली. घटना समितीत नोव्हेंबर १९४८ मध्ये दुकान या शब्दाच्या व्याप्तीविषयी विचारणा झाली, तेव्हा बाबासाहेबांनी तो शब्द अत्यंत विस्तृत अर्थाने योजल्याचे स्पष्ट केले. मोबदला घेऊन जो कोणी लोकांना सेवा देऊ करतो, तो त्यात येतो. मसूरचा गाडीवान या अर्थाच्या कक्षेत आला होता. १९५५ च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्याने सार्वजनिक वाहनांचा वापर आणि कोणत्याही वस्तीत घर घेण्याचा वा राहण्याचा हक्क यांची स्वतंत्र नोंदच केली. १९७६ मध्ये तोच कायदा नागरी हक्क संरक्षण कायदा या नावाने अधिक कडक झाला.

या योजनेचे मोल अमेरिकेशी तुलना केली म्हणजे ध्यानात येते. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १८८३ मध्ये उतारगृहे व वाहने कृष्णवर्णीयांना खुली करणारा कायदा रद्द केला. कारण काय, तर घटनादुरुस्ती फक्त राज्यांना बांधते, खाजगी मालकाला नाही. ही चूक सुधारण्यास १९६४ साल उजाडावे लागले. आणि तेव्हाही आंतरराज्य वाणिज्य व प्रवास यांत उतारगृहवाले अडथळा आणतात, या आडवाटेने जावे लागले. भारताने तो खड्डा पहिल्याच दिवशी बुजविला.

तथापि एक फट राहिली. मुक्त संचार व वास्तव्य यांचा हक्क देणारे कलम १९ केवळ राज्यसंस्थेविरुद्ध आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्येच म्हटले. जातीच्या नावाने वाट अडली तर कलम १५ व १७ धावून येतात; अन्य कारणाने खाजगी सत्तेने अडविली तर काय, हा प्रश्न मागे उरला.

आक्षेप आणि मर्यादा

खाजगी व्यक्तींवर असे बंधन घालण्यास आक्षेप आहेत आणि ते क्षुल्लक नाहीत. प्रत्येकाचा उंबरठा कायद्याने खुला केला तर खाजगी जीवन उरणार काय? शिवाय शस्त्र एकदा घडले की ते कोणाच्या हाती जाईल याचा नेम नसतो. युरोपीय न्यायालयाने १९७४ पासून मुक्त संचाराचे नियम क्रीडासंघटनांना आणि २००० मध्ये एका खाजगी बँकेलाही लागू केले. पण २००७ मध्ये त्याच तत्त्वाने फिनलंड व स्वीडनमधील कामगार संघटनांच्या संपालाही लगाम घातला. दुबळ्यासाठी उघडलेले दार बलवानाने वापरले.

या आक्षेपांना उत्तर बाबासाहेबांच्या चरित्रातच आहे. त्यांनी कोणाच्या स्वयंपाकघरात पान मागितले नाही. बडोद्याच्या ज्या मित्रांनी घरी ठेवून घेतले नाही, त्यांच्याविरुद्ध कायदा असावा असे त्यांनी म्हटले नाही. त्यांचा आग्रह सामायिक जीवनाच्या फाटकांपुरता होता: गाडी, विहीर, खानावळ, दुकान, काम, वस्ती. ज्याच्या हाती असे फाटक आहे, आणि ज्याच्या नकाराने दुसऱ्याला अन्य वाटच उरत नाही, त्याचा नकार खाजगी राहत नाही. ती एक प्रकारची सत्ताच असते. सत्ता म्हटली की तिच्यावर कायदा आला. ही कसोटी लावली तर उंबरठाही सुरक्षित राहतो आणि संप करणारा कामगारही.

धाराशिव जिल्ह्यात ही कसोटी जुनी झालेली नाही. कळंब, भूम, वाशी, परंडा या भागांतून दर हंगामाला ऊसतोडीसाठी कोयते घेऊन कुटुंबे घराबाहेर पडतात. त्यांना कोणी जाण्यापासून अडवीत नाही. अडविले जाते ते परतण्यापासून. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत फड सोडता येत नाही, अशी स्थिती जेथे असेल तेथे वतनाची दावण नव्या खुंट्याला बांधली गेली असे समजावे. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याच्या व्याख्येत, कर्जापोटी देशात मुक्तपणे फिरण्याचा हक्क गमावणे याचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि तो कायदा थेट खाजगी धनकोला बांधतो. कलम १७, २३ व २४ मधील हक्क कोणाही विरुद्ध बजावता येतात, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकाम मजुरांच्या प्रकरणात सांगितले. महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा संमत केला. ३ जानेवारी २०२३ रोजी घटनापीठाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने, कलम १९ व २१ खालील हक्क खाजगी व्यक्तींविरुद्धही बजावता येतील, असा निर्णय दिला. १९५१ पासूनची फट अशा रीतीने तत्त्वतः बुजली.

तत्त्वतः हा शब्द महत्त्वाचा आहे. महाडचे तळे १९२४ मध्ये तत्त्वतः खुले होते; पाणी घेण्यास १९२७ साल उजाडले आणि कायद्याचा शेवटचा शब्द ऐकण्यास १९३७. कायदा फाटकवाल्याला बांधतो, एवढ्याने फाटक उघडत नाही. फडावरच्या मजुराला न्यायालयाचा रस्ता दाखविणारा कोणी लागतो, तक्रार लिहून घेणारा अधिकारी लागतो, आणि शेजारच्या झोपडीतला माणूस साक्षीला उभा राहावा लागतो.

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेब गेले. तडवळ्यास ज्या गाडीतून त्यांची मिरवणूक निघाली, तिचा गाडीवान आपखुशीने हाकीत होता. तेवढी खुशी सर्वांच्या ठिकाणी येईपर्यंत गाडीवानाला कायदा लागू ठेवावा लागेल. आणि तो लागू आहे की नाही, हे प्रत्येक हंगामात जाऊन पाहावे लागेल.